पाचव्या बांधाचे दगड

१

ऑगस्टातल्या एका सोमवारी सकाळी करंजदऱ्याच्या ओहळातला पाचवा बांध जागेवर नव्हता. दोन्ही काठांना त्याची टोकं तेवढी उभी होती. मधला आठ-नऊ फुटांचा भाग पार नाहीसा झाला होता आणि त्यातून गढूळ पाणी निवांत वाहत होतं.

साल त्र्याहत्तर. मी भूसंधारण खात्यात सहायक होतो, मुक्काम शेवगाव. मूळचा श्रीगोंद्याकडचा, उसाच्या सावलीत वाढलेला, त्यामुळे कोरडा ओहळ म्हणजे काय हे मला नोकरीत कळलं. डोंगरातून येणारं पाणी दर पावसाला शेतांची माती खरवडून न्यायचं आणि ओहळ आणखी खोल करायचं. ते थांबवण्यासाठी आदल्या वर्षीच्या दुष्काळी कामात आम्ही ओहळात एकाखाली एक असे पाच आडवे बांध घातले होते. चुना नाही, सिमेंट नाही. छातीएवढ्या उंचीचे, नुसते दगड एकमेकांत बसवलेले. पाणी फटींतून झिरपून पुढे जातं आणि माती मागे राहते, एवढीच त्यातली करामत. मी त्यांना वरून खाली एक ते पाच असे चुन्याने आकडे घातले होते.

पाचही बांध याकोबने रचले होते. याकोब गावातल्या चर्चच्या आळीतला. कामावर आला तेव्हा दगड वाहायला होता. एकदा मिस्तरी आजारी पडला म्हणून मी त्याला दगड रचायला थरावर बसवलं आणि त्याचा हात बघून तिथेच ठेवलं. त्याच्या आळीतल्या कुणालाही गावाने तोवर मिस्तरी म्हटलं नव्हतं. हिवाळ्यात शेजारच्या ओहळात अकरा बांध व्हायचे होते आणि तेही त्याच्याच हाती द्यायचे असं मी वर कळवलं होतं.

"कच्चं काम," भिमाजी काठावरून म्हणाले. ओहळाच्या वरच्या अंगाला त्यांची वीस एकर जमीन होती आणि खालच्या वरच्या सगळ्याच अंगांबद्दल त्यांना मत होतं. "काल दोन तास पाऊस काय पडला, बांध गेला. मी तवाच म्हनलं हुतं, भाऊसायेब, हे काम माझ्या मेव्हन्याला द्या."

मी याकोबकडे बघितलं. तो बांधाच्या उरलेल्या टोकावर हात ठेवून उभा होता.

"बांध माझाच हुता," तो म्हणाला. "काय लिहायचं ते लिहा."

गुरुवारी नगरहून मोठे साहेब पाहणीला यायचे होते. अहवालात मी 'रचाईतील दोष' असं लिहिलं की याकोब पुन्हा दगड वाहायला लागणार, आणि नंतर त्याला थरावर बसवायला कुणी धजणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आणि खरं सांगतो, तोवर मला दुसरं काही लिहिण्यासारखं दिसतही नव्हतं.

भिमाजी गेले, याकोब गेला. मी वही काढली. तेवढ्यात गाळात उकिडवा बसलेला राधाकृष्ण कुंभार मान वर न करता बोलला.

"भाऊसायेब, लिहायची घाई करू नगा. पावसानं बांध नेला न्हाई. पाऊस आला तवा बांध हुताच कुठं?"

२

राधाकृष्णला सगळे तात्या म्हणत. साठी उलटलेला, बारीक अंगाचा, एरवी बोलण्यात महा कंजूष माणूस. बांध झाल्यापासून तो पाचव्या बांधामागचा गाळ गाढवावर लादून न्यायचा, कारण जाडी वाळू आणि मुरूम वरच्या बांधांनी अडवल्यावर लोण्यासारखी बारीक माती तेवढी इथवर पोचायची. म्हणजे खरं तर संशय घ्यायचा तर पहिला त्याच्यावरच घ्यायला हवा होता. मी तसं म्हणालो.

"घ्या की," तो म्हणाला. "आठ दिस भट्टीवर हुतो, हिकडं फिरकलो न्हाई, आन् माझ्या मडक्यांची माती काल वाहून गेली. मी सोताच्या पोटावर पाय देईन व्हय?"

मग त्याने मला खाली बसवलं. बांधाच्या उभ्या टोकाच्या आडोशाला जुना गाळ अजून शिल्लक होता. तात्याने खुरप्याने तो उभा कापला.

"काय दिसतं?"

"खाली तांबडा थर. त्यावर काळा."

"तांबडा जूनचा. पह्यल्या पावसानं डोंगराची माती आनली. काळा जुलैचा. तवा भिमाजीच्या वावराच्या कडंचा मातीचा ताल फुटला हुता, ही त्याची माती. आता कालचा थर दावा."

मी शोधला. कालचा थर नव्हता.

"बांध उभा आसता तर कालचं पानी हितं तुंबलं आसतं. घटकाभर जरी तुंबलं तरी बोटभर साय धरून जातं. मग भले बांध फुटू दे." त्याने काळ्या थराच्या पृष्ठभागावर बोट फिरवलं. जुलैनंतरच्या उघडिपीत तो गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. भेगांच्या कडा कालच्या सरींनी थोड्या मऊ झाल्या होत्या, पण आत बोट जात होतं. "ह्या भेगा मोकळ्या हायेत. वर पानी उभं ऱ्हायलं आसतं तर पह्यल्या धडाक्याला बुजल्या आसत्या. कालचं पानी आलं तवा त्याला वाट तयार हुती."

मी श्रीगोंद्याच्या शाळेत विज्ञानात पहिला आलो होतो आणि पुण्याला जाऊन पदविका घेतली होती. त्या क्षणी मला दोन्हीची थोडी लाज वाटली.

"शिवाय," तात्या उठत म्हणाला, "पान्यानं नेलेले दगड खाली पडलेले दिसत्यात. जड दगड जवळ, हलके लांब. तुमाला एक तरी दिसतोय का?"

ओहळात बांधाखाली पन्नास पावलांपर्यंत चिपा आणि खडे सोडले तर काहीही नव्हतं. निदान तीन गाड्या भरतील एवढा दगड कोणीतरी उघडिपीच्या दिवसांत हाताने काढला होता आणि तो कुठेतरी ठेवलेला होता.

३

मंगळवारी मी चौकशीला निघालो. तात्या म्हणाला, "तुमी मानसांना इचारा, मी दगडांना इचारतो," आणि गाढव घेऊन ओहळाच्या काठाने चालू लागला.

दगड म्हटल्यावर गावातल्या मच्छिंद्रचं नाव आपसूक मनात येई. तो त्या साली विहीर बांधत होता आणि त्याच्या दारात दगडांचा ढीग पडला होता. मी गेलो तेव्हा तो विहिरीत होता. वर आला, मी कशासाठी आलोय ते त्याने ओळखलं आणि काही न बोलता मला ढिगापाशी नेलं.

"सुरुंगाचे दगड हायेत, भाऊसायेब. ह्या बघा पहारीच्या खुना. माझ्याच हिरीत निघाले." दगड निळेशार, ताज्या फुटीचे, धारदार होते. बांधाला लावलेले माळावरचे, उन्हापावसाने काळवंडलेले होते. "दगड काढून काढून माझी कंबर गेली आन् मी आनखी चोरून आनू?"

भिमाजींकडे गेलो तर त्यांनी चहा मागवला आणि मेव्हण्यालाही बोलावलं. मी सरळ विचारलं, की पाचव्या बांधामागच्या उरलेल्या गाळात बैलगाडीच्या चाकोऱ्या आहेत, त्या कुणाच्या.

"माझ्या," ते बिनदिक्कत म्हणाले. "जुलैत वावराची काळी माती वाहून गेली ती तिथं जाऊन बसली. माझी माती मी चार गाड्या भरून परत आनली. आनखी आनायची हुती, तेवढ्यात तुमच्या मिस्तऱ्यानं घात केला."

हे ऐकून मी मनातल्या मनात भिमाजींवर काट मारली, आणि मला ते जड गेलं. ते गुन्हेगार निघाले असते तर मला फार बरं वाटलं असतं. पण आपलीच माती गाड्या भरभरून परत आणणारा माणूस तिच्यापुढचा बांध काढून ती वाहून जाऊ देणार नाही.

परतताना वाटेत लंकाबाई भेटली. डोक्यावर गवताचा भारा. ही एकटी बाई. नवरा वारलेला, मुलगी सासरी केडगावला. ओहळ जिथे मोठ्या नदीला मिळतो तिथे तिचा जमिनीचा तुकडा होता आणि दुष्काळी कामावर ती याकोबच्याच टोळीत होती. पाचव्या बांधाच्या खाली सगळ्यात जवळचं रान तिचं, म्हणून मी तिला थांबवलं.

"बांधाजवळ कुणी दिसलं का मागच्या आठवड्यात?"

"मी माझ्या कामात आसते, भाऊसायेब."

"बरं, बांध झाल्यापासून ओहळाचं पाणी कसं येतं खाली?"

तिने भारा सावरला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"सवच्छ येतं," ती म्हणाली. "लई सवच्छ येतं."

ते मी कौतुक समजलो. वहीत 'खालच्या शेतकऱ्यांचे समाधान' अशी नोंदही केली. ते पान मी पुढे फाडून टाकलं.

ओहळाशी पोचलो तर तात्या निवडुंगाच्या जाळीबाहेर बिडी ओढत बसला होता.

"दगड सापडले," तो म्हणाला. "पन ज्यानं चोरले त्यानं ते आपल्याला मोजायला ठिवल्यात."

४

बांधापासून तीस-चाळीस पावलांवर, काठावरच्या निवडुंगाआड दगडांचा चट्टा उभा होता. कुणी घाईने फेकलेला ढीग नव्हे. लांबट चौकोनी, कडा सरळ, वर सपाट. मोठे दगड बाहेरून, लहान आत, आणि कोपऱ्याला आडवा-उभा असा गुंफलेला दगड. दुष्काळी कामावर दगडाचं माप घ्यायला आम्ही लोकांकडून असेच चट्टे लावून घेत असू. चट्टा वाकडा असला की मी तो मोडून पुन्हा रचायला लावायचो. वर्षभर रोज मी हेच करत होतो.

मला हसू आलं आणि लगेच कसंसंच झालं. कुणीतरी सरकारी बांध चोरून मोडला होता, दगड लपवले होते, आणि लपवताना हातांनी आपोआप तेच केलं होतं जे मी त्यांना वर्षभर शिकवलं.

"मच्छिंद्र कामावर न्हवता, तो हिरीत हुता," तात्या म्हणाला. "भिमाजीनं आयुष्यात चट्टा लावलेला न्हाई. हे टोळीतल्या मानसाचं काम."

टोळीत साठ माणसं होती. बहुतेक बायका.

"आन् दगड वापरायला नेले न्हाईत," तो पुढे म्हणाला. "तसेच ठिवले. म्हंजी दगड नको हुते त्याला. बांध नको हुता."

मी चट्ट्याभोवती फिरलो. ओल्या मातीत पावलं होती, माझ्याही आधीची आणि तात्याच्याही आधीची. पायाचं एक बोट वाकडं. ते पाऊल मी ओळखलं. याकोबच्या अंगठ्याशेजारचं बोट कामावर दगडाखाली सापडलं होतं आणि त्याला दवाखान्यात मीच नेलं होतं.

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, मी चर्चच्या आळीत गेलो. याकोब अंगणात कुदळीला दांडा बसवत होता.

"चट्टा तू बघितलास."

"बघितला. सोमवारीच."

"मग बोलला का नाहीस? तुझं नाव खराब होतंय."

त्याने कुदळ खाली ठेवली. "पावसाच्या आदी कुनी तरी काढला एवढं मला बी कळलं. पन चट्टा बघितला आन् ध्यानात आलं, आपल्याच टोळीतलं मानूस हाय. भाऊसायेब, तुमी मला मिस्तरी केलं ते कागदावर. मला त्वांडानं मिस्तरी पह्यल्यांदा त्या बायांनी म्हनलं. त्यांच्यातल्या एकीला पोलिसापुढं उभी करून मी मिस्तरी ऱ्हाऊ?"

"कोण आहे ती?"

"मला ठाव न्हाई. आन् मी शोधनार बी न्हाई," तो म्हणाला आणि पुन्हा दांड्याला लागला.

५

बुधवारी सकाळी तात्या माझी वाट बघत पाचव्या बांधावर उभा होता.

"दगड झाले. आता माती हुडकू. बांधामागं कंबरभर गाळ हुता, तो रविवारी गेला. गेला तर कुठं बसला?"

आम्ही ओहळातून खाली चालत निघालो. दोन्ही काठ कोरलेले, तळाला खडक उघडा. कुठेही बोटभर गाळ नव्हता. अर्ध्या मैलावर ओहळ रुंद होऊन नदीला मिळतो, तिथे पाण्याचा जोर मोडतो. तिथेच तो होता. चार बोटं जाडीचा, काळाभोर, ओला, गुंठ्या-दोन गुंठ्यांवर सारखा पसरलेला. लंकाबाईची मळई.

मळई म्हणजे नदीकाठी गाळाने झालेली जमीन. पाऊस सरला की लोक त्या ओलीवर वांगी, मिरची लावतात आणि उन्हाळ्यात टरबुजं. लंकाबाईकडे दुसरी जमीन नव्हती.

तात्याने मला काठाची कड दाखवली. एका बाजूने मळई ताजी कापली गेली होती. काठावरच्या जुन्या लिंबाची मुळं हवेत लोंबत होती.

"ही कड जूनपर्यंत सहा हात पुढं हुती," तो म्हणाला. "दर साली वरनं माती यायची आन् हितं बसायची. औंदा तुमी वरची सगळी माती अडवली. पानी आलं ते मोकळंच आलं. मोकळं पानी जोरात पळतं. त्यानं हिला दिलं काय न्हाई, वर हिचीच माती उचलून नेली."

पदविकेच्या पुस्तकात हे कुठे ना कुठे असणारच. मी फक्त वरच्या शेतांची माती वाचवायला आलो होतो आणि ओहळाच्या खाली कुणी राहतं हे माझ्या नकाशात नव्हतं. लई सवच्छ, ती म्हणाली होती.

तरी मी म्हणालो, "पाणी आलं, गाळ आला. तिनेच बांध काढला हे कशावरून?"

तात्या मळईच्या खालच्या कडेला गेला. तिथे मेखा ठोकून त्यांना करंजाच्या फांद्या आडव्या बांधल्या होत्या. गुडघाभर उंचीची कूड, गाळ वाहून जाऊ नये म्हणून घातलेली. ती निम्मी रविवारच्या गाळात बुडाली होती. त्याने एक फांदी ओढून काढली. गाळाखालचा पाला अजून हिरवट होता.

"म्हंजी फांद्या गाळाच्या आदी घातल्या, आन् आदी म्हंजी पाच-सहा दिसांपूर्वी, महिन्यापूर्वी न्हवं. जून-जुलैत दोन पाऊस झाले, तवा गाळाचा कण आला न्हाई. मग रविवारी येनार हाय हे हिला कुनी सांगितलं?"

मागून आवाज आला.

"कुनी सांगाया नको. मीच सोडला."

लंकाबाई लिंबाखाली उभी होती. तिने मान खाली घातली नव्हती. आम्ही दोघंच काय ते अवघडलो होतो.

"मागला मंगळवार ते शुक्रवार, भर दुपारी," ती म्हणाली. "लोक जेवून आडवे झाले की मी जायची. आता तुमी काय लिहिनार?"

खरं लिहिलं तर सरकारी बांध मोडल्याबद्दल ती कोर्टाच्या फेऱ्यांत सापडणार. खोटं लिहिलं तर याकोब गेला. गुरुवार उजाडला तेव्हाही वहीतलं अहवालाचं पान कोरंच होतं.

६

मोठे साहेब दहाच्या सुमाराला जीपने आले. उंच, चष्मा लावलेले, घाईत असलेले. पाचव्या बांधाशी आम्ही सगळे जमलो. भिमाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"रचाई कच्ची, साहेब," ते म्हणाले. "सगळ्या गावाला म्हाईत हाय."

साहेबांनी मला विचारलं, "अहवाल?"

मी गाळाच्या थरांपासून सुरुवात केली. तांबडा, काळा, मोकळ्या भेगा, निवडुंगामागचा चट्टा. साहेब ऐकत गेले. शेवटी त्यांनी तोच प्रश्न विचारला जो येणार हे मला रात्रभर माहीत होतं.

"माणसाने काढला. ठीक. कोणी?"

मी याकोबकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. तात्याने बिडी विझवली.

"मी काढला," लंकाबाई म्हणाली.

ती काठावरून खाली उतरली. खांद्यावर पहार होती आणि तिचं टोक वाकलं होतं. ती भिमाजींच्या समोरून सरळ साहेबांपुढे आली.

"माझी मळई वाहून चालली म्हून काढला. त्याची काय सजा आसंल ती द्या. पन कच्चा हुता आसं कुनी म्हनू नगा, सायेब. ही पहार बघा, हिचं टोक वाकलं. चार दुपारी गेल्या मला, आन् काढलं किती? आठ-नऊ फूट. एक दगड हलवायचा तर आदी त्याच्या बाजूचे तीन काढावे लागत्यात. मी हितं वर्सभर दगड वाहिल्यात, मला कळतं. कच्चा आसता तर मी एका दुपारी मोकळी झाले आसते."

साहेबांनी तिच्या हातून पहार घेतली. बांधाच्या उभ्या टोकाशी जाऊन एका फटीत ती घातली आणि अंगाचा भार टाकला. दगड हलला नाही. दुसऱ्या फटीत घातली. चष्मा घसरला, तो वर केला आणि पुन्हा जोर लावला. मग पहार तिला परत दिली.

"पोलिसात द्यायला पायजे," भिमाजी म्हणाले.

"बघू," साहेब म्हणाले. त्यानंतर ते मला बाजूला घेऊन बरंच बोलले. खाली काय आहे हे न बघता बांधाची जागा कोणी ठरवली, हा त्यातला सगळ्यात सौम्य भाग होता. ते खरंच होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, बांध पुन्हा घाला, पण पाणी वरून जाण्याचा मधला सांडवा दीड हात खाली ठेवा, म्हणजे जाडं मागे राहील आणि बारीक गाळ पुढे जाईल. पुढचे अकरा त्याच मिस्तऱ्याकडून करून घ्या. आणि बाईंबद्दल मी त्यांना काही सांगितलेलं नाही, त्यांनीही काही ऐकलेलं नाही.

जीप गेली. भिमाजी पायवाटेने तरातरा घरी गेले, मेव्हणा त्यांच्या मागोमाग.

लंकाबाई तिथेच उभी होती. तिने पहारीचं वाकलेलं टोक पदराने पुसलं. याकोब तिच्याजवळ गेला. मला वाटलं, आता हा चिडेल. त्याला तेवढा हक्क होता.

"सगळ्यात जड कुठला गेला?" त्याने विचारलं.

ती पुढे झाली आणि बांध जिथे तुटला होता त्या तळाशी बोट केलं.

"हितला. खालनं तिसरा. आख्खी एक दुपार खाल्ली त्यानं. दोन नखं गेली माझी."

याकोब हसला. चार दिवसांत मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

"त्यो बसवाया मला बी आख्खी दुपार लागली हुती," तो म्हणाला.